केमेमलीक वापरून बघितलं: ड्रायव्हरमधली गळती शोधायला भारी, पण सगळं त्याच्यावर सोडू नका

लिनक्ससाठी ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) लिहिताय किंवा दुसऱ्या कोणी लिहिलेला सांभाळताय आणि तुमच्या डीबग बिल्डमध्ये केमेमलीक, म्हणजे कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) घेतलेली पण परत न दिलेली मेमरी शोधणारं टूल, बंद असेल, तर आधी ते चालू करा आणि मग पुढचं वाचा. फुकट आहे, कर्नलच्या आतच आहे, वेगळं काही डाउनलोड करायला नको, कॉन्फिगमध्ये एक ऑप्शन चालू करून कर्नल परत बिल्ड केला की झालं. कॅटालिन मारिनास यांनी ते लिहिलं आणि 2009 साली 2.6.31 मध्ये ते मुख्य कर्नलमध्ये आलं, म्हणजे इतकी वर्षं समोर पडलंय आणि तरी आपल्याकडे एम्बेडेडच्या कित्येक टीम ते हातात घेत नाहीत, हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

आधी हे का लागतं ते सांगतो. साध्या प्रोग्रॅमने मेमरी परत नाही दिली तरी तो बंद झाल्यावर कर्नल सगळं गोळा करतो. ड्रायव्हरच्या मागे मात्र आवरायला कोणीच नसतं. केमॅलॉकने (कर्नलमध्ये मेमरी मागायचं फंक्शन) घेतलेली मेमरी, चालू केलेला क्लॉक, मागितलेली इंटरप्ट लाइन (हार्डवेअरने कर्नलला हाक मारायची लाइन), वाढवलेला रेफरन्स काउंट (किती जण वापरताहेत तो आकडा), यातलं जे ड्रायव्हर परत देत नाही ते मशीन रीबूट होईपर्यंत तसंच अडकून राहतं. लॅपटॉपवर रोज रीबूट होतो म्हणून कळत नाही, पण जे मशीन महिनोन्‌महिने चालू राहायला पाहिजे त्याचा जीव असा थोडा थोडा जातो.

आमच्या कंपनीचं काम त्यातलंच. लिफ्टच्या मशीन रूममध्ये बसवायचा एक छोटा डबा बनवतो, आत आर्मचा बोर्ड, दोन-तीन सेन्सर आणि यूएसबीवर 4जी मॉडेम. ऑफिस अंधेरी ईस्टला एमआयडीसीत, डबे मात्र परळ, दादर, मुलुंड, कुठे कुठे टॉवरच्या गच्चीवर. पावसाळा लागला की तिथली वीज झपकन जाते-येते, नेटवर्क डुलक्या घेतं, आणि मॉडेम स्वतःच स्वतःला रीसेट मारतो, म्हणजे यूएसबीच्या हिशोबाने तो काढून परत लावल्यासारखंच. काही आठवड्यांनी लिफ्टवाल्या मेकॅनिकचा फोन, "साहेब, तुमचा डबा परत झोपला." टेबलावर मात्र तोच बोर्ड एकदाही झोपला नाही, कारण टेबलावर मॉडेम कधी पडतच नाही ना! किती तास चालवलं याच्याशी या गळतीचा काही संबंध नसतो, किती वेळा डिव्हाइस आलं आणि गेलं याच्याशी असतो. हे डोक्यात बसलं की निम्मं काम झालं, कारण मग टेस्ट कशी करायची ते आपोआप सुचतं. यूएसबीच्या प्रत्येक डिव्हाइसला सिसएफएसमध्ये (कर्नल डिव्हाइस फाईलींच्या रूपात दाखवतो तिथे) ऑथोराइज्ड नावाची फाईल असते, तिच्यात शून्य लिहिलं की ड्रायव्हर सुटतो, एक लिहिलं की परत लागतो, आणि हे लूपमध्ये टाकून आपण वडापाव खाऊन येईपर्यंत अख्ख्या पावसाळ्याचे रीसेट मारून होतात.

आता केमेमलीक करतं काय, तर कर्नलने दिलेल्या प्रत्येक मेमरीच्या तुकड्याची नोंद ठेवतं, आणि मधून मधून कर्नलचा डेटा, स्टॅक आणि ते तुकडे स्वतः, असं सगळं चाळून बघतं की कोणाकडे या तुकड्याचा पत्ता आहे का. ज्याचा पत्ता कुठेच सापडत नाही तो गळालेला. म्हणजे एखाद्या चाळीत ज्या खोलीची चावी कोणाकडेच नाही ती खोली शोधून काढायची, असं. ही चावीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वापरायला सोपं आहे. डीबगएफएसमध्ये (कर्नलच्या डीबग फाईली असतात तिथे) केमेमलीक नावाची एक फाईल असते, तिच्यात स्कॅन लिहिलं की स्कॅन होतो, क्लिअर लिहिलं की आत्तापर्यंत दाखवलेल्या जुन्या तक्रारी बाजूला पडतात, आणि ती फाईल नुसती वाचली की रिपोर्ट. आपण काही नाही केलं तरी दर 10 मिनिटांनी ते स्वतः स्कॅन मारतं. एक गोष्ट नवीन लोकांना हमखास चकवते, आमच्या टीममधल्या पोरालाही चकवलंच, की एकदा स्कॅन केला आणि काहीच आलं नाही म्हणून ड्रायव्हर स्वच्छ आहे असं समजायचं. तसं नाहीये! तुकडा किमान 5 सेकंद जुना लागतो, आणि दोन स्कॅनच्या मध्ये त्यातला डेटा बदललेला नसावा लागतो, त्यामुळे नवीन गळती बहुतेक वेळा पहिल्या स्कॅनला दिसतच नाही. क्लिअर करा, टेस्ट करा, थोडं थांबा, स्कॅन, परत स्कॅन, मग वाचा. आणि त्या फाईलमध्ये चुकूनही ऑफ लिहू नका, ते एकदा बंद केलं की रीबूटशिवाय परत चालू होत नाही.

रिपोर्ट मात्र वाचायला शिकावा लागतो आणि मला यातलं सगळ्यात आवडतं तेच आहे. पत्ता, साईझ, ज्या प्रोसेसने मेमरी मागितली तिचं नाव आणि पीआयडी, पहिल्या 32 बाइटचा हेक्स डंप (आतले कच्चे आकडे), आणि खाली बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती यादी). आमच्या मॉडेमच्या केसमध्ये बॅकट्रेसमध्ये स्वच्छ दिसत होतं, वर यूएसबी_अ‍ॅलॉक_यूआरबी, त्याच्याखाली व्हेंडरच्या ड्रायव्हरचा प्रोब (डिव्हाइस लागलं की चालणारं फंक्शन), त्याच्याखाली यूएसबी_प्रोब_इंटरफेस. बाजूला 4096 साईझचे बफरही तेवढेच. मग ड्रायव्हरचा डिस्कनेक्ट (डिव्हाइस निघालं की चालणारं फंक्शन) उघडून बघितला तर ज्या स्ट्रक्चरमध्ये या सगळ्यांचे पॉइंटर (पत्ते) ठेवलेत ते स्ट्रक्चर आधीच केफ्री करून (मेमरी परत देऊन) मोकळं, आतले यूआरबी (यूएसबीवर डेटा मागायच्या-पाठवायच्या चिठ्ठ्या) आणि बफर कोणी सोडलेच नाहीत. म्हणजे मॉडेम जितक्या वेळा पडला तितक्या वेळा तेवढी मेमरी गेली, आणि मुंबईच्या जुलैमध्ये तो किती वेळा पडत असेल ते मी वेगळं सांगायला नको. फिक्स काही ओळींचा, शोधायला एक दुपार. त्याच्या आधी आम्ही शिल्लक मेमरी दाखवणाऱ्या फ्री कमांडचे आकडे एक्सेलमध्ये टाकून आलेख काढत बसलो होतो, त्यातून एवढंच कळायचं की काहीतरी गळतंय, कुठून गळतंय याचा पत्ता नाही.

दुसरी गळती तर मला फार सुंदर वाटली. साईझ फक्त 16, आणि हेक्स डंपच्या उजव्या बाजूला, जिथे तेच बाइट अक्षरांत दिसतात, तिथे आमच्या सेन्सरच्या डिव्हाइसचं नाव लिहिलेलं! बॅकट्रेसमध्ये डेव्ह_सेट_नेम. ज्यांनी ड्रायव्हर मॉडेलमध्ये काम केलंय त्यांना लगेच कळेल: डिव्हाइस_रजिस्टर फेल झालं की सरळ केफ्री करायचं नसतं, पुट_डिव्हाइस (रेफरन्स काउंट कमी करणारं फंक्शन) करायचं असतं, कारण तोपर्यंत आत रेफरन्स काउंट चालू झालेला असतो आणि नावाची स्ट्रिंग वेगळी घेतलेली असते. केफ्री केलं की मोठं स्ट्रक्चर जातं, नाव मागे राहतं. मुख्य कर्नलमध्येसुद्धा याच प्रकारचे पॅच ढिगाने झालेत, त्यामुळे हे फक्त आपल्याकडच्या घाईत लिहिलेल्या कोडचं दुखणं आहे असं अजिबात नाही.

आरएममॉड करून मॉड्यूल (चालू कर्नलमध्ये घालता-काढता येणारा ड्रायव्हर) काढून टाकलं आणि मग रिपोर्ट वाचला तर बॅकट्रेसमध्ये त्या मॉड्यूलच्या फंक्शनची नावं येत नाहीत, नुसते आकडे येतात, कारण नावं सांगणारं मॉड्यूलच आता नाही. म्हणून मी आधी बाइंड आणि अनबाइंडने (ड्रायव्हर डिव्हाइसला लावून आणि सोडून) टेस्ट करतो, मॉड्यूल लोड ठेवूनच. पण मग उलटा लोचा असा की ड्रायव्हरने पॉइंटर ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवला असेल तर मॉड्यूल लोड असेपर्यंत तो पत्ता सापडत राहतो आणि गळती दिसत नाही, ती मॉड्यूल काढल्यावरच वर येते. त्यामुळे दोन्ही करावं लागतं, आधी अनबाइंड, मग शेवटी आरएममॉड.

आता नावडलेलं. चावीची गोष्ट आठवा: चावी कोणाकडेच नाही अशी खोली केमेमलीक शोधतं, पण चावी खुंटीला लटकतेय आणि खोलीत वर्षानुवर्षं कोणी राहत नाही, अशी खोली त्याला दिसणारच नाही. याचं सगळ्यात खतरनाक उदाहरण म्हणजे डेव्हएम, म्हणजे घेतलेलं आपोआप परत देणारी, डेव्हएमने नाव सुरू होणारी फंक्शन. तेजुन हिओ यांनी 2007 मध्ये 2.6.21 साठी डेव्हरेस, म्हणजे या डेव्हएमच्या मागची यंत्रणा, आणलं, कल्पना अशी की रिसोर्स डिव्हाइसच्या नावावर घ्यायचा आणि ड्रायव्हर सुटला की कर्नल उलट्या क्रमाने सगळं स्वतः परत करणार. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांवर या माणसाचे उपकार आहेत, मी मनापासून म्हणतोय, प्रोबमधले निम्मे गोटो (काही फेल झालं की साफसफाईच्या लेबलवर मारायच्या उड्या) त्यामुळे गेले. पण कोणीतरी डेव्हएम_केझेडअ‍ॅलॉक प्रोबमध्ये न वापरता ओपनमध्ये किंवा आयओसीटीएलमध्ये (डिव्हाइसची फाईल उघडली किंवा तिला कमांड दिली की चालणाऱ्या फंक्शनमध्ये) वापरतं, आणि मग प्रत्येक ओपनला नवीन तुकडा डिव्हाइसच्या यादीत जाऊन बसतो, फाईल बंद केली तरी हलत नाही. पॉइंटर यादीत आहे म्हणून केमेमलीक गप्प! वरवर सगळं आलबेल. हे पकडायचं तर स्लॅबटॉप (कर्नलची मेमरी कुठे जातेय ते दाखवणारी कमांड) लावून बसा, नाहीतर मेमइन्फोमधला एसयूएनरिक्लेम (कर्नलला परत घेता न येणारी मेमरी) वाढतोय का बघा, आणि डेव्हरेसचा डीबग लॉग चालू केला तर प्रत्येक घेणं-सोडणं छापून येतं, त्यात लगेच कळतं.

डेव्हएमबद्दल अजून एक, कारण आपल्याकडे रिव्ह्यूमध्ये "डेव्हएम कर ना, संपला विषय" असं फार सहज बोललं जातं. इंटरप्ट डेव्हएमने घेतला आणि त्याचा हँडलर ज्या बफरला हात लावतो तो बफर रिमूव्हमध्ये (ड्रायव्हर सुटताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) हाताने फ्री केला, तर डेव्हएमची साफसफाई रिमूव्हच्या नंतर होते, म्हणजे मधल्या वेळात इंटरप्ट आला तर हँडलर फ्री झालेल्या मेमरीत घुसणार. गळती बंद करायला गेलो आणि क्रॅश घेऊन आलो. एक तर सगळं डेव्हएमने करा, नाहीतर ज्याचा क्रम महत्त्वाचा आहे ते सगळं हाताने. मधलं हाताने करायची गोष्ट असेल तर डेव्हएम_अ‍ॅड_अ‍ॅक्शन_ऑर_रीसेट आहेच, ते वापरून तीही रांगेत बसवता येते.

आणि मेमरी सोडून बाकीच्या रिसोर्सचं काय? केमेमलीकला ते समजतच नाहीत. पेज अ‍ॅलोकेशन (अख्खी पानं मागणं) आणि आयओरीमॅपसुद्धा (हार्डवेअरची जागा पत्त्यात आणणं) ते ट्रॅक करत नाही, डॉक्युमेंटेशनमध्ये तसं सरळ लिहिलंय. आमच्या एका सेन्सर ड्रायव्हरमध्ये पीएम_रनटाइम_गेट_सिंक (डिव्हाइसला झोपेतून उठवून वापराचा काउंट वाढवणारं फंक्शन) होतं, ते फेल झालं की कोड सरळ एरर घेऊन परत फिरायचा. गंमत अशी की हे फंक्शन फेल झालं तरी काउंट वाढवून ठेवतं, म्हणजे फेल झाल्यावरही पुट (काउंट कमी) करावंच लागतं, नाहीतर डिव्हाइस परत कधी झोपायला जातच नाही. बॅटरीवरच्या डब्यात हे फार महागात पडतं. म्हणून 2020 मध्ये 5.10 ला पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट आलं, ते फेल झालं तर काउंट स्वतःच परत खाली करतं. नवीन कोडमध्ये जुनं वापरायचं असेल तर रिटर्न व्हॅल्यू आणि पुट दोन्हीकडे डोळ्यांत तेल घालून बघा. क्लॉकसाठी डीबगएफएसमधली क्लॉक समरी उघडायची, ड्रायव्हर सुटल्यावर एनेबल काउंट सुरुवातीला होता तिथे परत आला पाहिजे. डीएमएसाठी (हार्डवेअरने थेट मेमरीत वाचणं-लिहिणं) डीएमए एपीआय डीबग चालू ठेवायचं, मॅपिंग शिल्लक ठेवून ड्रायव्हर सुटला तर ते स्वतःच ओरडतं. असं एकेका रिसोर्सचं एकेक वेगळं खिडकीदार ऑफिस आहे, सगळं एका जागी मिळत नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

पण सगळ्यात मोठा मुद्दा एरर पाथचा. ड्रायव्हरमधल्या बहुतेक गळत्या तिथेच असतात, चौथी गोष्ट फेल झाली तर पहिल्या तीन परत द्यायच्या, आणि त्यातली एक राहून जाते किंवा गोटो चुकीच्या लेबलवर जातो. तो कोड टेबलावर कधी चालतच नाही, आणि न चाललेल्या कोडची गळती केमेमलीक कुठून दाखवणार, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. म्हणून केमेमलीकसोबत फेलस्लॅब चालू करणं हे माझ्या मते अनिवार्य आहे. हे कर्नलचं फॉल्ट इंजेक्शन, ते मुद्दाम मेमरी नाकारतं. यात एक जागा आहे जिथे लोक वैतागून सोडून देतात: इग्नोर-जीएफपी-वेट ही सेटिंग मुळात चालू असते, आणि ती चालू असेपर्यंत झोपू शकणाऱ्या, म्हणजे आपण प्रोबमध्ये नेहमी वापरतो त्या जीएफपी_कर्नलवाल्या मागण्यांना ते हातच लावत नाही. ती एन, म्हणजे बंद, करा. मग प्रॉकमधली (प्रत्येक प्रोसेसच्या फाईली असतात तिथली) फेल-एन्थ फाईल घ्या, 1 लिहा आणि त्याच प्रोसेसमधून ड्रायव्हर बाइंड करा, पहिली मागणी फेल होईल. मग 2, मग 3, असं चढत जा. फाईल परत वाचल्यावर 0 आलं तर फेल खरंच घडलं, 0 आलं नाही तर तेवढ्या मागण्याच झाल्या नाहीत, म्हणजे प्रोब संपला. प्रत्येक पायरीनंतर केमेमलीकचे दोन स्कॅन. एवढ्याने प्रोबचा मेमरी फेल होण्याचा एकूण एक रस्ता चालून होतो, आणि डेव्ह_सेट_नेमवाली गळती आम्हाला इथेच मिळाली, एरवी ती कधी सापडली असती असं मला वाटत नाही.

मेमरी सोडून बाकीचं फेल होतं ते रस्ते मग स्मॅच वाचतं. डॅन कार्पेंटर यांचं टूल, कोड न चालवता वाचतं, सगळ्या ड्रायव्हरवर चालवलं की "मिसिंग अनवाइंड गोटो" म्हणून वॉर्निंग देतं, म्हणजे इथून सरळ रिटर्न केलंय पण बाकीचे तर लेबलवर जातात, बघा बुवा. खोट्या वॉर्निंग येतात, नाही म्हणत नाही, पण मला त्या वाचायला आवडतात कारण प्रत्येकीला उत्तर द्यायला कोड नीट समजून घ्यावा लागतो. ज्युलिया लॉल आणि त्यांच्या फ्रान्समधल्या टीमचं कॉक्सिनेल एकाच साच्याच्या चुकांसाठी चांगलं. फॉर_ईच_चाइल्ड_ऑफ_नोडच्या लूपमधून मध्येच रिटर्न केलं आणि ऑफ_नोड_पुट विसरलं, ही चूक तर कर्नलच्या सोर्ससोबत येणारी तयार स्क्रिप्टच पकडते, मेक कॉक्सीचेक मारा आणि बघा. बऱ्याच बोर्डवर या नोडच्या (बोर्डवरच्या हार्डवेअरच्या यादीतल्या नोंदीच्या) गळतीने प्रत्यक्षात काही बिघडत नाही, ओव्हरले (चालू असताना ती यादी बदलणं) वापरत असाल तरच चटका बसतो, त्यामुळे तिच्यात आठवडा घालवू नका, आधी हॉटप्लगवाली (डिव्हाइस येण्या-जाण्याची) गळती बुजवा.

नवीन कर्नलवर असाल तर अजून एक चांगली गोष्ट, 2023 मध्ये 6.5 ला पीटर झाइलस्ट्रा यांनी क्लीनअप हेडर आणलं, व्हेरिएबल स्कोपमधून बाहेर गेला की केफ्री किंवा म्यूटेक्स सोडणं आपोआप. छोट्या फंक्शनमध्ये फार छान वाटतं. आमचे बोर्ड व्हेंडरच्या जुन्या कर्नलवर अडकलेत म्हणून आम्हाला अजून मिळत नाही, आणि याचं मला रोज वाईट वाटतं.

खर्चाचं बोलायचं तर पैसे शून्य, पण रॅम आणि स्पीड दोन्ही खातं. प्रत्येक तुकड्यासाठी वेगळी नोंद ठेवायची म्हटल्यावर ते होणारच. कमी रॅमच्या बोर्डवर त्याची स्वतःची नोंदवही भरली की ते बंद पडतं, डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) तसं लिहून येतं, ते वाचलं नाही तर आपण रिकामा रिपोर्ट बघून खूश होऊन घरी जातो. म्हणून दर वेळी रिपोर्टच्या आधी ते जिवंत आहे ना हे तपासा. मुद्दाम काही तुकडे गळू देणारं सँपल मॉड्यूल कर्नलच्या सोर्समध्ये आहे, आधी ते लोड करा, तक्रार आली तरच पुढचा रिकामा रिपोर्ट खरा माना. प्रॉडक्शन बिल्डमध्ये अर्थातच नको, ते डीबगचंच सामान आहे.

माझ्याकडून 5 पैकी 4. एक कापला तो मेमरीपलीकडे न बघण्यासाठी. फेलस्लॅब सोबत लावून वापरणार असाल तर मी पाचही देतो. आमच्या मॉडेमवाल्या व्हेंडरला आम्ही पॅच पाठवला, कोणत्या कमिटने (कोडमधल्या कोणत्या बदलाने) ही गळती आणली त्याची 12 अक्षरी ओळख फिक्सेस टॅगमध्ये घालून, सोबत केमेमलीकचा रिपोर्ट चिकटवून. त्यांच्या पुढच्या रिलीजमध्ये तो नव्हता, त्याच्या पुढच्यातही नव्हता, म्हणून आता प्रत्येक रिलीज आला की आम्ही आधी आमचे पॅच चढवतो, रात्रभर ऑथोराइज्डचा लूप लावतो आणि सकाळी रिपोर्ट बघूनच डबे गाडीत चढवतो.